गोवर, कांजिण्या आणि दोन प्राचीन वैद्यकांची साक्ष

गतवर्षी फाल्गुनातील एका सकाळी नववीच्या वर्गात सांसर्गिक रोगांचा पाठ चालू असता एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, आमची आजी म्हणते, गोवर आला की औषध देऊ नये, तो अंगावर पुरता फुलला की आपोआप निघून जातो. हे खरे का?" वर्गात थोडा हशा पिकला. परंतु विचारणारीच्या मुद्रेवर हास्याचा लवलेशही नव्हता. तिचा दोन वर्षांचा धाकटा भाऊ चार दिवसांपासून तापाने फणफणत होता. अंगावर पुरळ उठले होते, आणि आदल्या रात्रीपासून त्याला धाप लागली होती. त्याच दुपारी मुलाला आरोग्य केंद्रात नेण्यात आले. गोवराच्या पाठोपाठ न्यूमोनिया झाला असल्याचे तेथे आढळले. उपचार वेळेवर मिळाले म्हणून मूल बचावले.

तो प्रश्न मात्र माझ्या मनात घोळत राहिला. आजीचे सांगणे सर्वस्वी खोटे होते असे म्हणवत नाही. कारण गोवर झालेली पुष्कळ मुले खरोखरच आठपंधरा दिवसांत बरी होतात. पण ते सर्वस्वी खरे मानले असते, तर ते मूल हातचे गेले असते. मग परंपरेने सांगितलेल्या गोष्टींत ग्राह्य काय आणि त्याज्य काय, हे ठरवावयाचे तरी कसे? या प्रश्नाचा विचार आपल्या घरच्या परंपरेबरोबरच दुसऱ्या एका प्राचीन वैद्यकाच्या, म्हणजे चिनी वैद्यकाच्या, साहाय्याने केला तर तो अधिक स्पष्ट होतो. एकाच रोगाकडे दोन समाजांनी कसे पाहिले, हे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे निरीक्षण कोणते आणि कल्पना कोणती हे आपोआप वेगळे होऊ लागते.

प्रथम आपला प्रांत पाहू. डिचोली आणि पेडणे या तालुक्यांत देवींच्या सात बहिणींची कथा ठाऊक नाही असे घर विरळाच. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या त्यांतील प्रमुख होत. कथेचे पाठ गावोगाव निरनिराळे आहेत. तथापि या बहिणींत शीतळाई हे एक नाव ऐकू येते. शीतला ही भारतभर फोड-पुरळांच्या ज्वराची अधिष्ठात्री देवता मानली गेली. जिच्या प्रकोपाने अंगाचा दाह होतो तिलाच 'शीतल' म्हणून आळवावयाचे, यात भयभीत मातांची विनवणी आहे. मराठीत तर त्या भयंकर रोगाचे नावच 'देवी' असे पडले. देवी आल्या की घराच्या दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या लावीत, परक्याला आत येऊ देत नसत, फोडणीचे व मासळीचे जेवण बंद होई, आणि रोग्याला पेज व शहाळ्याचे पाणी देत. यामागे श्रद्धा होती हे खरे. परंतु रोग्याला वेगळे ठेवणे, विश्रांती देणे आणि हलका द्रव आहार देणे या तीन गोष्टी त्या श्रद्धेच्या आवरणाखाली नकळत पाळल्या जात होत्या.

आयुर्वेदात या रोगांचा विचार अधिक पद्धतशीर आहे. माधवकराच्या 'माधवनिदान' या ग्रंथात मसूरिकेचे स्वतंत्र प्रकरण आहे. मसुराच्या दाण्याएवढे फोड येतात म्हणून ती मसूरिका. केसांच्या मुळांशी बारीक तांबूस पुरळ उठते ती रोमांतिका. हिचे वर्णन गोवराशी जुळते. बालकांच्या रोगांसाठी 'कौमारभृत्य' ही आयुर्वेदाची एक वेगळी शाखाच मानली गेली आहे.

आता चीनकडे वळू. चिनी औषधीशी गोव्याचा संबंध नवा नाही. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला, आणि त्यात चीनहून येथे येणाऱ्या एका मुळीवर स्वतंत्र संवाद आहे. तीच आपल्या काष्ठौषधीच्या दुकानांतील चोपचिनी. तिच्या नावातच तिचे मूळ स्थान उमटलेले आहे.

चिनी वैद्यांनीही पुरळांची तुलना धान्याच्या दाण्यांशीच केली, हे पाहून मौज वाटते. गोवराला ते 'माचेन' म्हणतात. तिळासारखे किंवा भांगेच्या बियांसारखे बारीक पुरळ, असा त्याचा अर्थ. कांजिण्यांचे नाव 'शुइतोउ', म्हणजे पाण्याने भरलेला वाटाणा. ज्यांनी कांजिण्यांचा टपोरा, पाणीदार फोड पाहिला आहे त्यांना हे नाव किती यथार्थ आहे ते सांगावयास नको. देवीच्या रोगाला त्यांनी 'आकाशीचे फूल' म्हटले, आणि त्यांच्याकडेही या रोगाची एक माता होती व तिची पूजा होत असे. हिमालयाच्या दोन बाजूंच्या मातांना एकच भय होते.

चीनमध्ये बालरोगशास्त्राचा पाया घालणारा म्हणून चिएन यी याचे नाव घेतात. तो इसवी सनाच्या अकराव्या शतकात होऊन गेला. त्याची शिकवण त्याच्या मृत्यूनंतर १११९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. बालकांच्या वैद्यकाला चिनी लोक 'मुक्यांचे वैद्यक' म्हणत. कारण लहान मूल आपले दुखणे सांगू शकत नाही आणि वैद्याला ते पाहूनच ओळखावे लागते. पुरळ उठण्यापूर्वी मुलाचे गाल लाल होतात, पापण्या तांबूस दिसतात, जांभया येतात, खोकला व शिंका सुरू होतात, हातपायांची टोके गार पडतात, अशी चिन्हे चिएन यीने नोंदविली. आजचे वैद्यकही गोवराची पूर्वचिन्हे म्हणून ताप, खोकला, नाक वाहणे आणि डोळे लाल होणे हीच सांगते. नऊशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजही उभे आहे.

परंतु या निरीक्षणाला जी उपपत्ती जोडली गेली ती मात्र टिकली नाही. हे रोग जवळजवळ प्रत्येक बालकाला एकदा होतात आणि सहसा पुन्हा होत नाहीत, ही गोष्ट चिनी वैद्यांच्या ध्यानात आली होती. तिचे कारण देताना ते म्हणत की, प्रत्येक मूल मातेच्या उदरातून एक विष बरोबर घेऊन येते, आणि पुढे केव्हातरी ते त्वचेवाटे बाहेर पडते. यावरून उपचाराचे सूत्र ठरले: पुरळ बाहेर काढावयाचे, आत जिरू द्यावयाचे नाही. त्यासाठी घाम आणणारी व पुरळ 'उमलविणारी' औषधे देत. आपल्याकडील आजी "गोवर पुरता फुलू दे" म्हणते तेव्हा ती हेच सूत्र सांगत असते. पुरळ एकदा येऊन गेले की रोग सहसा उलटत नाही, हे निरीक्षण खरे. विष बाहेर पडते म्हणून उलटत नाही, ही कल्पना चुकीची. वास्तविक शरीर विषाणूला ओळखावयास शिकते व त्याची स्मृती जपून ठेवते, म्हणून तो रोग पुन्हा होत नाही.

सत्याच्या अधिक जवळ गेला तो वू योउशिंग. १६४२ साली, चीनमध्ये साथींनी थैमान मांडले असताना, त्याने ग्रंथ लिहिला. थंडी, वारा, उष्णता यांनीच ज्वर येतो असे तोवर मानीत. वू म्हणाला की, साथीचे कारण वेगळेच आहे: एक अदृश्य दूषित द्रव्य नाकातोंडावाटे शरीरात शिरते, आणि निरनिराळ्या रोगांचे द्रव्य निरनिराळे असते. याचे प्रमाण म्हणून त्याने गोठ्याकडे बोट दाखविले. गुरे आजारी पडतात तेव्हा मेंढ्या धडधाकट असतात, कोंबड्या मरतात तेव्हा बदकांना काही होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली रोगजंतू दिसण्याच्या दोन शतके आधी केवळ पाहून आणि विचार करून काढलेला हा निष्कर्ष आहे.

उपचारांत दोन्ही परंपरा कोठे भेटतात, हे पाहणे आपणांस विशेष उद्बोधक ठरेल. इसवी सन २०० च्या सुमारास चांग चुंगचिंग या वैद्याने ज्वरांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात दालचिनीच्या एका काढ्यानंतर पातळ, गरम तांदळाची पेज प्यावी, अंगावर पांघरूण घेऊन हलका घाम येऊ द्यावा, आणि मांस, मद्य, कच्चे, थंड व तिखट पदार्थ वर्ज्य करावेत, असे सांगितले आहे. आयुर्वेदातही ज्वराच्या आरंभी लंघन, नंतर पेया, आणि नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा व सुंठ यांचे षडंगपानीय सांगितले आहे. पेडण्याच्या एखाद्या घरात तापलेल्या मुलासमोर आई पेजेची वाटी ठेवते, तेव्हा ती या दोन्ही शास्त्रांना मान्य असेच करीत असते. अर्वाचीन वैद्यकाचेही येथे दुमत नाही. तापात शरीरातील पाणी कमी होते, भूक मंदावते. अशा वेळी पचावयास हलके आणि पाणी भरून काढणारे अन्न हितकारक असते.

वनस्पतींचेही असेच आहे. गोव्यात तापावर ज्याचा कडू काढा देतात त्या किरायत्याचा चिनी औषधींतही समावेश आहे. १७९८ मध्ये वू च्यूथुंग याने ज्वरावर लिहिलेल्या ग्रंथातील मधुमालतीवर्गीय फुलांचे एक चूर्ण आजही चीनमध्ये सर्दी-तापावर वापरले जाते. परंतु एखादे औषध पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ काळ वापरले गेले म्हणजे ते गुणकारी ठरले, असे होत नाही. गोवरासारखा रोग बहुतेक मुलांत आपोआप ओसरत असल्यामुळे त्या वेळी दिलेल्या कोणत्याही पाल्याला यश मिळाल्यासारखे दिसते. म्हणून सारख्याच स्थितीतील रोग्यांचे दोन गट करून, एकाला औषध देऊन आणि दुसऱ्याला न देता, परिणाम ताडून पाहावे लागतात. गोवरावरील चिनी औषधींच्या अशा विश्वसनीय चाचण्यांचा शोध कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी घेतला, तेव्हा निष्कर्ष काढता येईल अशी एकही चाचणी त्यांना सापडली नाही. याचा अर्थ ती औषधे निरुपयोगी ठरली असा नव्हे. ती उपयुक्त आहेत असे सिद्ध झालेले नाही, इतकाच. जे सिद्ध नाही त्याच्या भरवशावर मुलाचा प्राण टांगणीला लावता येत नाही.

आणि गोवर हा क्षुद्र रोग नव्हे. तो हवेतून पसरतो; पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून नंतरच्या चार दिवसांपर्यंत रोगी इतरांना रोग देऊ शकतो. लस न घेतलेल्या समाजात एका रोग्यापासून बारा ते अठरा जणांना तो होतो, असा अंदाज आहे. न्यूमोनिया, अतिसार, कानाचा दाह, मेंदूचा दाह आणि अंधत्व हे त्याचे उपद्रव होत. त्याहून कपटी गोष्ट ही की, इतर रोगांविरुद्ध शरीराने साठविलेली स्मृती तो पुसून टाकतो, त्यामुळे बरे झालेले मूल पुढे कित्येक महिने दुसऱ्या रोगांना सहज बळी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १,०७,५०० माणसे गोवराने मृत्यू पावली. त्यांत बहुतांश पाच वर्षांखालील बालके होती.

येथे कोणी म्हणेल की, मग परंपरेने आपणांस पेजेपलीकडे दिले तरी काय? याचे उत्तर आश्चर्यकारक आहे. मानवजातीच्या हाती आलेले सर्वांत मोठे शस्त्र परंपरेतूनच निघाले. देवीच्या रोगातून वाचलेल्याला तो रोग पुन्हा होत नाही, हे ओळखून चिनी वैद्य सौम्य रोग झालेल्या मुलाच्या खपल्या वाळवून, त्यांची पूड करून, निरोगी मुलाच्या नाकात फुंकीत. सम्राट खांग्शी याला १६६१ मध्ये राज्यपद मिळाले, त्याचे एक कारण तो बालपणी देवीतून वाचला होता हेच होते. पुढे त्याने आपल्या घराण्यातील मुलांना या पद्धतीने संरक्षण दिले. भारतात, विशेषतः बंगालमध्ये, त्वचेला ओरखडा काढून देवीची लस लावणारे टीकादार गावोगाव फिरत. हॉलवेल या इंग्रज वैद्याने १७६७ मध्ये त्यांच्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. या उपायात धोका होता. शंभरांतील एखाद-दुसरे मूल त्याने दगावे, आणि टोचलेल्या मुलापासून साथ पसरण्याचे भयही असे. परंतु खुद्द देवी आल्या तर शंभरांतील वीस-तीस जण मरत.

१७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर याने गाईच्या सौम्य देवीची लस टोचून तोच लाभ फारच कमी धोक्यात मिळवून दिला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली लस टोचण्यात आली. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही, आणि मे १९८० मध्ये हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याची घोषणा जागतिक आरोग्य संघटनेने केली. गोवरावरील लस १९६३ मध्ये सिद्ध झाली. १९८५ पासून ती भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत गोवर-रुबेला लसीची राष्ट्रीय मोहीम ज्या पहिल्या पाच प्रदेशांत सुरू झाली, त्यांत गोवा होता.

अशा रीतीने परंपरेतील जे परीक्षेला उतरले ते जगाचे झाले. याचे आणखी एक उदाहरण चीनचेच आहे. थू योयो या संशोधिकेने हिवतापावर औषध शोधताना चौथ्या शतकातील को हुंग या वैद्याचा ग्रंथ वाचला. त्यात विशिष्ट वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यावा असे होते. उकळावी असे नव्हते. उष्णतेने गुण नष्ट होत असावा हे त्यावरून तिच्या ध्यानात आले, आणि कमी उष्णतेवर काढलेल्या अर्काने यश दिले. प्राण्यांवर, स्वतःवर व नंतर रोग्यांवर त्याची परीक्षा झाली. २०१५ मध्ये तिला नोबेल पारितोषिक मिळाले. हिवताप विषाणूंचा रोग नाही, हे खरे. पण येथे प्रश्न पद्धतीचा आहे.

ही पद्धती आपल्यालाही परकी नाही. पेडणे तालुक्यातील मांद्रे गावी जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीतील. पाश्चात्त्य वैद्यक शिकूनही त्यांनी देशी औषधींकडे पाठ फिरविली नाही. महारोगावर एका देशी तेलाचा प्रयोग त्यांनी रोग्यांवर चिकाटीने चालविला होता. १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले. आज त्याच पेडणे तालुक्यात, धारगळ येथे, अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे रुग्णालय व विद्यालय उभे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. जुने ज्ञान नव्या कसोटीवर पारखण्याचे भाऊ दाजींचे व्रत पुढे नेण्याची संधी तुमच्यापैकी कोणाला तरी तेथे लाभावी.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. आजीची पेज, शहाळ्याचे पाणी, विश्रांती, मुलाला वेगळे ठेवणे, अंगावर पिणाऱ्या मुलाचे दूध न तोडणे, हे सारे राखावे. कडुनिंबाची डहाळी दाराला लावावयाची तर खुशाल लावावी. ती पाहून येणारा-जाणारा सावध होतो. परंतु "औषध देऊ नये" हे वाक्य सोडून द्यावे. गोवराची शंका येताच मुलाला डॉक्टरांना दाखवावे. गोवराच्या रोग्याला 'अ' जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा देतात, त्यामुळे डोळे व प्राण वाचण्यास मोठे साहाय्य होते. ती मात्रा मात्र डॉक्टरांनीच ठरवावयाची असते. श्वास जलद चालणे, बरगड्यांखाली खळगा पडणे, पाणीही न पिणे, सुस्ती येणे, झटके येणे, डोळ्यांत ढगाळपणा दिसणे, यांपैकी एक जरी चिन्ह दिसले तरी क्षणाचाही विलंब लावू नये. डोळ्यांत घरगुती रस घालू नये. कांजिण्या झालेल्या मुलाला ॲस्पिरिन देऊ नये. तिने यकृत व मेंदूला घातक असा विकार जडू शकतो. तसेच सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत त्याला शाळेत पाठवू नये. कोणताही काढा, देशी असो वा परदेशी, वैद्याच्या सल्ल्यावाचून लहान मुलाला पाजू नये.

त्या मुलाची पहिली लस झाली होती. दुसरी राहून गेली होती. घरातील कोणी मुद्दाम टाळली असे नव्हे. त्या आठवड्यात घरी लग्न होते, आणि मग ती गोष्ट विस्मरणात गेली. गोवराच्या लसीची पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांच्या वयात आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या वयात द्यावयाची असते. गावातील शंभरांपैकी किमान पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या, तरच रोगाला वाट उरत नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, या सुट्टीत दोन कामे करा. पहिले, घरी धाकटी भावंडे असतील त्यांचे लसीकरणाचे कार्ड काढून स्वतः वाचा; एखादा रकाना रिकामा असेल तर वडील माणसांना सांगा. दुसरे, आजीजवळ बसून तिला ठाऊक असलेल्या औषधी, पथ्ये आणि नावे वहीत टिपून घ्या. ती कोणत्या रोगात, कशी, किती देत हेही विचारा. चिएन यीची शिकवण त्याच्या शिष्याने लिहून ठेवली म्हणून नऊशे वर्षांनी आपण ती पारखू शकलो. आजीचे ज्ञान लिहिले गेले नाही, तर त्यातले खरे आणि खोटे दोन्ही तिच्याबरोबर जाईल.

ती विद्यार्थिनी आज दहावीत आहे. तिच्या वहीत आजीने सांगितलेल्या सतरा वनस्पती आहेत, आणि वहीच्या पहिल्या पानावर भावाच्या दुसऱ्या लसीची तारीख लिहिलेली आहे.